हप्त्याच्या आड

शोरूममध्ये गिऱ्हाईक आलं की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'किती पडेल?' आणि आमचं उत्तरही ठरलेलं असतं, 'महिन्याला किती जमेल तुम्हाला?' त्यानं किंमत विचारलेली असते, आम्ही हप्ता काढून देतो. हे मी उमेदवारीच्या काळात शिकलो आणि पुढे कितीतरी पोरांना शिकवलं. नाशिकमध्ये गाड्या विकण्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. या धंद्यानं मला घर दिलं, मुलांची शिक्षणं केली. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते धंद्याबाहेर उभं राहून लिहिलेलं नाही. बाजार मंदावला तेव्हा आम्ही कंपनीला दोष दिला, सरकारला दिला, बँकांना दिला, शेवटी गिऱ्हाइकालाही दिला. स्वतःचा हिशेब मात्र कुणी मांडला नाही. निदान माझा तरी मांडावा, एवढ्यासाठी हे लेखन.

2024 चा पावसाळा आठवला की आजही पोटात गोळा येतो. त्या सप्टेंबरअखेर देशभरातल्या डीलरांकडे मिळून जवळपास 7 लाख 90 हजार गाड्या न विकता उभ्या होत्या, सुमारे 79 हजार कोटी रुपयांचा माल. हा आकडा फाडानं, म्हणजे डीलरांच्याच संघटनेनं, जाहीर केला होता. 80 ते 85 दिवस पुरेल इतका हा साठा. संघटनेच्या मते तो 21 दिवसांच्या आसपास असायला हवा. एवढ्या गाड्या साठल्या कशा, याचं उत्तर बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. कारखान्यातून ट्रेलर निघाला की कंपनीच्या वहीत ती विक्री धरली जाते. आमच्या दृष्टीनं विक्री होते ती गाडी आरटीओत नोंदली जाते तेव्हा. या दोन टोकांच्या मध्ये जी गाडी असते ती डीलरच्या यार्डात, डीलरनं व्याजानं काढलेल्या पैशांवर उभी असते. वर्तमानपत्रात विक्री वाढल्याची बातमी आणि आमच्या यार्डात पाय ठेवायला जागा नाही, असं एकाच सकाळी असू शकतं.

आमचं यार्ड शहराबाहेर, भाड्यानं घेतलेलं. काळ्या मातीचं, पावसात चिखल होणारं. तिथे रांगेनं उभ्या असलेल्या गाड्यांच्या सीटवरचं प्लॅस्टिक पिवळं पडायला लागलं होतं. उभ्या उभ्या बॅटऱ्या उतरायच्या म्हणून एक पोरगा जाऊन एकेक गाडी चालू करून थोडा वेळ तशीच ठेवायचा. उंदरांनी वायरी कुरतडू नयेत म्हणून बॉनेटखाली तंबाखूच्या पुड्या ठेवलेल्या. एका कोपऱ्यातल्या गाड्यांच्या टायरांभोवती हातभर गवत वाढलं होतं. अशी गाडी पुढे धुऊन, पुसून, हार घालून गिऱ्हाइकाच्या हाती दिली जाते. ती खराब असते असं नाही. वॉरंटी पूर्ण असते, तपासणीही होते. पण ती किती महिने उभी होती, हे त्याला कुणी सांगत नाही.

सदसद्विवेकाची पहिली टोचणी मला इथेच जाणवते. डिसेंबरात तयार झालेली गाडी फेब्रुवारीत विकली, तर नोंदणी नव्या सालाची होते आणि बनावट जुन्या सालाची राहते. पाच-सात वर्षांनी माणूस ती विकायला काढतो, तेव्हा जुन्या गाड्यांचा व्यापारी बनावटीचं साल बघून भाव पाडतो. यात कायदा मोडलेला नसतो. विक्री प्रमाणपत्रावर, म्हणजे फॉर्म 21 वर, उत्पादनाचा महिना आणि साल स्पष्ट लिहिलेलं असतं. सही घेताना तिथे बोट ठेवून दाखवायचं की नुसतं 'इथे, इथे आणि इथे' म्हणत पानं उलटायची, हे सही घेणाऱ्याच्या हातात असतं. मागच्या सालच्या गाडीवर सूट मिळते, आणि ती मिळायलाच हवी. ज्यानं विचारलं त्याला आम्ही ती दिली. ज्यानं विचारलं नाही त्याला 'ऑफर संपत आली आहे' म्हणत त्यातली निम्मी दिली. खोटं एक अक्षर बोललो नाही, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. ते खरंही आहे. पण न बोलण्यानं होणारा फायदा दर वेळी आमच्याच बाजूला कसा पडला, याचं उत्तर मला देता येत नाही.

गाड्या महाग का झाल्या, याची कारणं आम्हाला पाठ असतात आणि त्यातली बरीच खरी आहेत. सप्टेंबर 2018 पासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं नव्या गाडीचा थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा एकदम भरावा लागतो. 2019 मध्ये एबीएस आणि चालकाची एअरबॅग सक्तीची झाली, पुढे शेजारच्या सीटचीही. एप्रिल 2020 ला प्रदूषणाच्या नियमांत बीएस-4 वरून थेट बीएस-6 आलं, 2023 मध्ये त्याचा दुसरा टप्पा. प्रत्येक पायरीवर किंमत चढली, आणि मोठ्या गाडीला न जाणवणारे वीस-पंचवीस हजार छोट्या गाडीच्या बोकांडी बसले. मध्यमवर्गाच्या पहिल्या गाडीचं दुसरं नाव असलेली अल्टो 800 त्याच 2023 मध्ये बंद झाली.

ही कारणं सांगताना मी एके ठिकाणी अडखळतो. आमच्या वर्कशॉपला क्रेनवरून अपघाताच्या गाड्या येतात. मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या, कसारा घाटातल्या. काही गाड्यांत स्टीअरिंगमधून पांढरी पिशवी बाहेर लोंबत असते आणि त्या गाडीचा मालक चार दिवसांनी स्वतःच्या पायांनी चालत विम्याच्या कागदांसाठी येतो. काही जुन्या गाड्यांत ती पिशवी नसते. त्या गाडीचे कागद घेऊन भाऊ येतो किंवा मेहुणा येतो. एअरबॅग ऐच्छिक होती त्या काळात 'शहरातल्या शहरात चालवणार ना, मग कशाला उगाच वरचं मॉडेल?' हे वाक्य आमच्याच काउंटरवर बोललं जायचं, कारण एअरबॅगवालं मॉडेल यार्डात नसायचं आणि महिनाअखेर जवळ आलेली असायची. आज किमतीचं समर्थन करायला आम्ही त्याच एअरबॅगचं नाव पुढे करतो. तेव्हा ती नको होती आणि आता सगळा दोष तिचा, असं दोन्ही तोंडांनी बोलता येणार नाही. सुरक्षेच्या नियमांनी गाडी महाग झाली हे खरं आहे, आणि ते नियम हवेच होते हेही तितकंच खरं आहे.

कराचं गणित मात्र गिऱ्हाइकासमोर उलगडून ठेवायला हवं होतं, आणि ते आम्ही फारसं केलं नाही. 2025 च्या सप्टेंबरपर्यंत छोट्या पेट्रोल गाडीवर 28 टक्के जीएसटी आणि वर 1 टक्का उपकर होता. 9 लाख एक्स-शोरूम किमतीची गाडी घेतली तर तिच्यात गाडीचे पैसे साधारण 6 लाख 98 हजार आणि कर 2 लाख 2 हजार. मग महाराष्ट्रात 10 लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला 11 टक्के रस्ता कर, तोही या करासहितच्या 9 लाखांवर, म्हणजे आणखी 99 हजार. सात लाखांची वस्तू आणि तीन लाखांचा कर. हा भाग सरकारचा, त्यात डीलरला काही मिळत नाही.

पण त्याच कोटेशनवर खालच्या ओळी असतात आणि त्या आमच्या असतात. विमा आमच्याकडूनच घ्यायला हवा असं बंधन नाही, बाहेरून घेता येतो आणि बऱ्याचदा स्वस्त पडतो. हे आम्ही आपणहून सांगत नाही, कारण विम्यात आम्हाला वाटा असतो. कर्ज कोणत्या बँकेचं घ्यायचं, यातही असतो. 'बेसिक किट' नावाखाली मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर, गाडीखालचं कोटिंग. मग वाढीव वॉरंटी. मग कधी 'हँडलिंग चार्जेस', ज्यांना कसलाही आधार नसतो आणि हटकून विचारणाऱ्याच्या कागदावरून ते गुपचूप निघून जातात. या ओळी मिळून चाळीस-पन्नास हजारांच्या घरात सहज जातात. गाडी विकण्यात डीलरला सुटणारा पैसा थोडका असतो, शोरूमचं भाडं, पगार, यार्डाचं व्याज यात तो विरून जातो, म्हणून या ओळींवर धंदा उभा राहतो. याची मला जाणीव आहे. डीलर लुटारू नसतात. कितीतरी जण वडिलोपार्जित जमिनी गहाण ठेवून या धंद्यात उतरलेले आहेत. 2017 अखेर जनरल मोटर्सनं भारतातली विक्री थांबवली, 2021 मध्ये फोर्डनं इथलं उत्पादन बंद करण्याची घोषणा केली, तेव्हा कोट्यवधी गुंतवून बसलेले डीलर आणि त्यांच्याकडची पोरं एका बातमीसरशी उघड्यावर आली. ती भीती आमच्या मालकांच्या मनातून गेलेली नाही. तरीही, आपली अडचण गिऱ्हाइकाच्या अज्ञानातून भरून काढायची का, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

सिन्नरच्या एमआयडीसीत काम करणारा एक माणूस बायको आणि लहान मुलीला घेऊन मोटारसायकलवर आला होता. श्रावणातला पाऊस, तिघंही अर्धे भिजलेले. 'साहेब, आमचं बजेट पाच-साडेपाचचं हाये. लेकीला शाळेत सोडायचं अन् गावाला जायाचं, बस.' त्याला हवी होती ती छोटी गाडी शोरूममध्ये मागच्या कोपऱ्यात, खांबाआड उभी होती. पुढे काचेजवळ, दिव्यांच्या झोतात, उंच बांध्याची, मोठी दिसणारी गाडी. मुलगी धावत त्या मोठ्या गाडीकडे गेली. आमच्या पोरानं लगेच दार उघडून तिला आत बसवलं. 'दादा, ताईंना विचारा कोणती आवडली. तुम्ही सात वर्षांचं लोन घेतलं तर हप्त्यात फक्त साडेतीन-चार हजारांचा फरक पडतो.' माणूस बायकोकडे बघायला लागला. ती म्हणाली, 'तुम्ही बघा, मला काय कळतंय त्यातलं.' मग तो माझ्याकडे बघायला लागला, कारण केस पिकलेला मी एकटाच होतो. मी म्हणालो, 'गाडी एकदाच घेतो माणूस. मनासारखी घ्या.'

त्यानं ती मोठी गाडी घेतली. फसवणूक म्हणता येईल असं काही झालं नाही. गाडी चांगली आहे, हप्ते त्यानं चुकवलेले नाहीत. पुढे सर्व्हिसिंगला आला तेव्हा किलोमीटरचा काटा जेमतेम पुढे सरकलेला होता. कामावर तो अजून मोटारसायकलनंच जातो. गाडी कव्हर घालून इमारतीखाली असते, रविवारी निघते. 'परवडत नाही हो रोज काढायला,' म्हणाला, 'हप्ता जातो ना.' तक्रारीचा सूर नव्हता. उलट मुलीचा वाढदिवस गाडीत कसा केला, ते कौतुकानं सांगत होता. त्यानं माझ्याकडे बघितलं तेव्हा तो विक्रेत्याकडे बघत नव्हता, वडीलधाऱ्या माणसाकडे बघत होता. मी उत्तर दिलं ते विक्रेत्याचं.

हप्त्याचा हा हिशेब कागदावर मांडून बघण्यासारखा आहे. 8 लाखांचं कर्ज, 9 टक्के व्याज. पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे 16 हजार 600 आणि एकूण व्याज 1 लाख 96 हजारांच्या आसपास. सात वर्षांसाठी घेतलं तर हप्ता 12 हजार 900 च्या आत येतो, ऐकायला हलका वाटतो, आणि व्याज जातं 2 लाख 81 हजारांवर. म्हणजे हप्ता हलका करण्याची किंमत 85 हजार रुपये. त्याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. सात वर्षांच्या कर्जात तीन वर्षं इमानेइतबारे हप्ते भरल्यावरही 5 लाख 17 हजार रुपये देणं बाकी असतं. त्या वेळी नोकरी गेली, आजारपण आलं, गाडी विकायची वेळ आली, तर बाजारात गाडीला मिळणाऱ्या पैशांतून कर्ज फिटेलच याची खात्री नसते. हा तक्ता आमच्या प्रत्येक संगणकात असतो. एक कळ दाबली की छापून निघतो. तो छापून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची पद्धत आमच्याकडे नव्हती.

बैठकांमध्ये आम्ही एक वाक्य पुन्हा पुन्हा बोललो, 'लोकांची आवड बदलली, आता छोटी गाडी कुणाला नको.' आकडे सोबतीला होते. 2024-25 मध्ये देशात सुमारे 43 लाख प्रवासी गाड्या विकल्या गेल्या, त्यात एसयूव्ही आणि तत्सम गाड्यांचा वाटा 65 टक्क्यांच्या घरात होता. पण 'नको' आणि 'जमत नाही' यांतला फरक आम्ही सोयीनं पुसून टाकला. मारुती सुझुकीचे अध्यक्ष आर. सी. भार्गव जाहीरपणे सांगत होते की देशातल्या साधारण 12 टक्के कुटुंबांनाच दहा लाखांपुढची गाडी परवडेल इतकं उत्पन्न आहे, उरलेल्या 88 टक्क्यांच्या आवाक्यात ती नाही. मग हे 88 टक्के गेले कुठे? काही जुन्या गाड्यांच्या बाजारात गेले, बाकीचे दुचाकीवरच राहिले. आमच्या काचेसमोरून ते रोज जातात, पुढे टाकीवर एक मूल, मागे बायको, तिच्या मांडीवर दुसरं. त्यांच्याकडे गिऱ्हाईक म्हणून बघणं आम्ही सोडून दिलं होतं. बारा घरांच्या दारात तीच तीच गाडी घेऊन उभं राहायचं आणि मग गिऱ्हाईक मिळत नाही म्हणायचं, अशी आमची गत झाली होती.

माणसाच्या मनातली प्रतिष्ठेची भूक मी नाकारत नाही. ती आम्ही निर्माण केलेली नाही. पावसात स्कूटरवरून चाललेलं चौघांचं कुटुंब बघून रतन टाटांना स्वस्त गाडीची कल्पना सुचली, 2008 मध्ये त्यांनी एक लाखाची नॅनो जगापुढे ठेवली, आणि ती लोकांनी घेतली नाही. सिंगूरहून साणंदला हलवावा लागलेला कारखाना, आगी लागल्याच्या बातम्या, अशी कारणं होतीच. पण 'सगळ्यात स्वस्त गाडी' हा शिक्का कुणाला दारात उभा करायचा नव्हता, हे नंतर खुद्द टाटांनीही मान्य केलं. म्हणजे गिऱ्हाइकालाही पत हवी असते. लग्नाच्या बोलण्यात गाडी विचारली जाते, सोसायटीत शेजाऱ्याच्या गाडीशेजारी आपली लावायची असते, गावाकडच्या भावकीत मान हवा असतो. हे सगळं आम्हाला नीट माहीत असतं, आणि नेमकं तिथेच आम्ही बोट ठेवतो. 'या रेंजमध्ये साहेब, तुमच्या पोझिशनला ही शोभणार नाही.' समोरच्याच्या मनात आधीच असलेली दुखरी जागा दाबून लाखभर रुपये वाढवून घेणं याला धंदेवाईक कौशल्य म्हणतात. मला त्यासाठी बक्षिसं मिळालेली आहेत.

मग 2025 चा सप्टेंबर आला. 15 ऑगस्टला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून करकपातीचं सूतोवाच केलं आणि दुसऱ्या दिवसापासून शोरूम ओस पडलं. गणपतीला गाडी नेणारी माणसंही थांबली. त्यापाठोपाठ पितृपक्ष. यार्ड तसंच भरलेलं. डीलरांनी आधी भरलेल्या उपकराचं पुढे काय होणार, या काळजीनं मालकांची झोप उडालेली. 22 सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, नवे दर लागू झाले. छोट्या गाड्यांवर 29 ऐवजी 18 टक्के. मघाच्या हिशेबातली 9 लाखांची गाडी 8 लाख 23 हजारांवर आली, त्यामुळे रस्ता करही आठ-साडेआठ हजारांनी उतरला. आणि माणसं आली. नऊ दिवस आम्हाला जेवायला फुरसत नव्हती. दसऱ्याला पेढे कमी पडले. खांबाआडची छोटी गाडी लोक स्वतः शोधत होते.

त्या गर्दीत उभा असताना मला कळलं की 'लोकांना छोटी गाडी नको' हे वाक्य खोटं होतं आणि ते मी ठणकावून बोललो होतो. पंच्याऐंशी हजार रुपये उतरल्याबरोबर जी माणसं दारात येतात, त्यांची आवड बदललेली नव्हती. ती हिशेब करून घरी बसली होती. आणखी एक गोष्ट त्याच गर्दीत घडली. 'दादा, जीएसटीत वाचले ना, तेवढ्यात वरचं मॉडेल बसतं,' असं आमचा एक पोरगा एका म्हाताऱ्या काकांना सांगत होता. शब्द माझे होते, मीच शिकवलेले. सरकारनं सोडलेला पैसा गिऱ्हाइकाच्या खिशात पोचायच्या आत आम्ही त्याला पुढची वाट दाखवत होतो. काका शहाणे निघाले. 'बाबा, वाचलेत ते वाचू दे की,' म्हणाले आणि छोटीच गाडी बुक केली.

त्या पोरावर मी रागावू शकलो नाही. त्याचा मूळ पगार खोलीचं भाडं आणि खानावळ भागेल एवढाच. वरचं मॉडेल, किट, विमा, कर्ज यांवर त्याला जादा मिळतं. महिन्याच्या पंचविशीनंतर सकाळी साडेनऊच्या बैठकीत त्याला सगळ्यांसमोर उभं करून 'किती झाल्या?' विचारलं जातं. खरं बोलून गाडी गेली तर त्याचा हप्ता चुकतो, तोही बहुतेक मोबाइलचा किंवा बाइकचा असतो. प्रामाणिकपणाचा सगळा भार सगळ्यात कमी पगाराच्या माणसावर टाकणं मला पटत नाही. ती बैठक घेणारा मी, टार्गेट वाटून देणारा मी. तेव्हा बदल करायचा तर माझ्या खुर्चीपासून.

मालकांशी बोलून मी दोन-तीन गोष्टी करून घेतल्या. कोटेशनवर सगळ्यात वर, ठळक, गाडी दारात येईपर्यंतची पूर्ण रक्कम. त्याखाली पाच आणि सात वर्षांचे दोन्ही हिशेब, एकूण व्याजासकट. विमा आणि किट ऐच्छिक आहेत हे मराठीत लिहिलेलं. उत्पादनाचं साल तोंडी सांगायचं आणि मगच सही घ्यायची. पोरांच्या जादा कमाईतला किटचा वाटा कमी करून, विकलेल्या प्रत्येक गाडीमागे, मग ती कोणतीही असो, सारखी रक्कम. मालकांनी ऐकलं, पण एका सणाच्या हंगामापुरतंच, पुढचं आकडे बघून ठरवू म्हणाले. त्यांचंही बरोबर आहे, कर्ज त्यांच्या नावावर आहे.

याचा फायदा झाला असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पूर्ण रक्कम बघून काही जण 'घरी विचारून सांगतो' म्हणत उठले आणि पलीकडच्या शोरूममधून, जिथे फक्त हप्ता सांगतात, गाडी घेऊन गेले. त्यांच्या गाडीचा हार बघून आमच्या पोरांचे चेहरे उतरले, माझाही उतरला. एक शिक्षिका सगळा हिशेब घेऊन गेल्या आणि गाडी न घेता दोन वर्षं थांबायचं ठरवल्याचं त्यांनी फोन करून कळवलं. धंद्याच्या दृष्टीनं ते नुकसान होतं. मला त्या फोनचा आनंद झाला, आणि असा आनंद होणाऱ्या माणसानं विक्री विभागाच्या प्रमुखाच्या खुर्चीत बसावं का, हा विचार तेव्हापासून मनात आहे. त्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. खुर्ची सोडली तर तिथे येणारा माणूस तो तक्ता पुन्हा संगणकातच ठेवील, एवढं मात्र मला ठाऊक आहे, आणि सध्या तेवढ्याच कारणानं मी तिथे आहे.

सिन्नरच्या त्या माणसाला मी काय देऊ शकतो? त्याची गाडी परत घेता येत नाही. पुढच्या सर्व्हिसिंगला तो आला तेव्हा त्याच्याबरोबर बसून कर्जाचा उतारा काढला. बोनसचे पैसे आले की मुद्दल थोडं थोडं कसं फेडायचं, बँकेला अर्ज कसा करायचा, मुदत किती कमी होते आणि व्याज किती वाचतं, हे लिहून दिलं. दिवाळीचा बोनस त्यानं तिथे भरला.

आता तुम्हाला विनंती आहे, माझ्या शोरूममध्ये या किंवा दुसऱ्या कुणाच्या. हप्ता विचारण्याआधी एकूण किती द्यावे लागणार ते व्याजासकट लेखी मागा. विमा बाहेरचा चालेल का, हे विचारा. गाडी कोणत्या महिन्यात तयार झाली, ते फॉर्म 21 वर स्वतः वाचा. कोपऱ्यातली छोटी गाडी बघायला मागा, आणि समोरचा माणूस कितीही केस पिकलेला असला, तरी कोणती गाडी घ्यावी हे त्याला विचारू नका. ते घरी ठरवून या.